बान्पो: सहा-सात हजार वर्षांपूर्वीचं चिनी शेतकरी गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बान्पोवर काहीही लिहिलं की त्याच त्याच शंका पुन्हा येतात. विद्यार्थ्यांकडून येतात, शिक्षकांकडून येतात, शीआनला जाऊन आलेल्यांकडूनही येतात. त्या इथे एकत्र केल्या आहेत. उत्तरं देताना एक पथ्य पाळलं आहे: जमिनीतून काय निघालं ते आधी सांगायचं, आणि त्यावरून कोणी काय अनुमान काढलं ते नंतर. बान्पोबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे पसरले आहेत.

१. बान्पो नेमकं काय आहे आणि कुठे आहे?

चीनच्या शान्शी प्रांतात शीआन शहराच्या पूर्वेला चान नावाची नदी आहे. तिच्या काठावर सापडलेलं हे नवाश्मयुगीन शेतकऱ्यांचं गाव. चानचं पाणी पुढे वेई नदीला आणि वेईचं पिवळ्या नदीला मिळतं. हा सगळा भाग वाऱ्याने वाहून आणलेल्या पिवळ्या, भुसभुशीत मातीचा आहे. ती माती लाकडी अवजारानेही खणता येते आणि खणलेला खड्डा सहसा ढासळत नाही. गावातली घरं, पेवं, खंदक, भट्ट्या हे सगळं या मातीच्या गुणावर उभं आहे, म्हणून ती आधी लक्षात ठेवा.

बान्पो ज्या संस्कृतीत मोडतं तिला यांगशाओ म्हणतात. हेनान प्रांतातल्या यांगशाओ गावात १९२१ साली स्वीडिश भूशास्त्रज्ञ योहान गुन्नार आंदेरसन यांनी उत्खनन केलं, तेव्हापासून हे नाव आहे.

२. किती जुनं? हडप्पाच्या आधीचं का?

बरंच आधीचं. बान्पोची मुख्य वस्ती साधारण इ.स.पू. ४८०० ते ४३०० या काळातली आहे, तर हडप्पाची भरभराटीची नगरं इ.स.पू. २६०० नंतरची. पण ही तुलना फारशी उपयोगाची नाही, कारण हडप्पा हे शहर आणि बान्पो हे खेडं. तुलना करायचीच तर बलुचिस्तानातल्या मेहरगढशी करावी. तिथली शेतकऱ्यांची वस्ती बान्पोहूनही जुनी आहे.

३. शोध कसा लागला? कोणी खणलं?

१९५३ मध्ये शीआनच्या पूर्व भागात बांधकामं चालू असताना अवशेष उघडे पडले. १९५४ ते १९५७ या काळात शी शिंगबांग यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. जागा सुमारे ५०,००० चौरस मीटरची आहे, त्यातली जेमतेम १०,००० खणली गेली. बाकीचं अजून मातीखालीच आहे. 'बान्पोमध्ये अमुक गोष्ट नव्हतीच' असं कोणी ठामपणे म्हणालं, की हा आकडा आठवावा.

खणलेल्या भागात चाळिसावर घरं, दोनशेहून अधिक पेवं, भांडी भाजायच्या सहा भट्ट्या आणि अडीचशेच्या आसपास दफनं मिळाली. ही सगळी घरं एकाच वेळी उभी नव्हती. पिढ्यान् पिढ्या लोक जुन्या घराच्या जागी नवं बांधत राहिले.

४. घरं कशी होती?

गोल आणि चौकोनी अशी दोन्ही. बरीचशी अर्धी जमिनीखाली होती: हात-दोन हात खोल खड्डा खणायचा, त्याच्या भिंती आणि तळ गिलाव्याने गुळगुळीत करायचा, मध्ये मेढी रोवायच्या, वर वासे टाकून गवत आणि मातीचं छप्पर करायचं. नंतरच्या काळातली काही घरं जमिनीच्या पातळीवर आहेत, त्यांना कुडाच्या भिंती आहेत. लाकूड कधीच कुजून गेलं, पण मेढींची भोकं मातीत वेगळ्या रंगाने उमटून राहतात. पुरातत्त्वज्ञ ती भोकंच वाचतात.

आत शिरायला उतरती वाट, आत गेल्या गेल्या समोर जमिनीत केलेली चूल. बहुतेक घरं तीन ते पाच मीटर लांबी-रुंदीची, म्हणजे चार-पाच माणसांचं कुटुंब आत झोपेल एवढी. उत्तर चीनची थंडी कडाक्याची असते, त्यामुळे जमिनीत अर्धं गाडलेलं घर आणि मधोमध विस्तव ही सोय समजण्यासारखी आहे.

एक घर मात्र सुमारे १६० चौरस मीटरचं होतं. त्याबद्दल प्रश्न १४ मध्ये.

५. गावाची रचना काही ठरवून केलेली होती का?

होती. राहती घरं खंदकाच्या आत, मोठ्या माणसांचं दफनस्थान खंदकाबाहेर उत्तरेला, भांड्यांच्या भट्ट्या बाहेर पूर्वेला. धूर आणि आगीचा धोका घरांपासून लांब ठेवलेला दिसतो.

घरांची मांडणी याहून स्पष्ट पाहायची असेल तर बान्पोजवळच लिनतोंग भागात जियांगझाई हे त्याच काळातलं गाव आहे. ते १९७२ ते १९७९ या काळात बरंच पूर्ण खणलं गेलं. तिथे शंभरावर घरांचे पाच गट आहेत, प्रत्येक गटात एक मोठं घर आहे आणि सगळ्यांची दारं मधल्या मोकळ्या पटांगणाकडे तोंड करून आहेत. पाच गट म्हणजे पाच कुळं असावीत असा अंदाज आहे. अंदाज पटण्यासारखा असला तरी तो अंदाजच आहे.

६. लोक काय खायचे?

मुख्य धान्य राळा. काळे पडलेले, जळून कोळसा झालेले राळ्याचे दाणे पेवांत, मडक्यांत, अगदी दफनातल्या वाडग्यांतही मिळाले. जळालेला दाणा कुजत नाही, म्हणून तो सापडतो. न जळालेला सापडणं अवघड. राळ्याच्या जोडीला या भागात चेना हे दुसरं भरड धान्य होतं. एका लहान मडक्यात मोहरी-कोबीच्या कुळातल्या भाजीचं बी ठेवलेलं मिळालं. कोणीतरी पुढच्या हंगामासाठी बी जपून ठेवलं होतं आणि ते पेरायचं राहून गेलं.

कापणी कशी करायचे हे फुटक्या खापरांवरून कळतं. मडकं फुटलं की त्याचा हातात मावेल एवढा तुकडा घ्यायचा, एक कड घासून धार लावायची आणि दोन्ही बाजूंना खाच पाडायची. खाचेत दोरी अडकवून तो पंजात बसवायचा आणि कणसं खुडायची. असे खापरी सुरे बान्पोत भरपूर आहेत. फुटक्या भांड्याचं अवजार करणारं हे गाव काटकसरी होतं, असं मी तरी त्यावरून समजतो. दाणे भरडायला पाट्यासारखे दगड होते. बुडाला भोकं असलेलं भांडंही मिळालं आहे, म्हणजे वाफवून शिजवणं त्यांना माहीत होतं.

राळा आपल्यालाही परका नाही. कोल्हापूर-सांगलीकडे भोगीला राळ्याचा भात होतो. या पिकाची लागवड सगळ्यात आधी उत्तर चीनमध्ये सुरू झाली असं मानतात, आणि बान्पो वसलं तेव्हा त्या भागात ती शेती हजारो वर्षं जुनी झाली होती.

माणसांच्या हाडांतूनही आहार कळतो. राळा-चेना या गटातल्या वनस्पती हवेतला कार्बन वेगळ्या रासायनिक वाटेने घेतात, आणि त्याची खूण त्या खाणाऱ्याच्या हाडांत उतरते. वेई खोऱ्यातल्या यांगशाओ काळच्या माणसांच्या हाडांत ही खूण ठळक आहे. त्यांच्या डुकरांच्या हाडांतही आहे, म्हणजे कोंडा-उष्टं डुकरांच्या वाट्याला जात असणार.

७. म्हणजे भात आणि नूडल्स नव्हत्या?

भात हे दक्षिणेकडचं, यांगत्से खोऱ्याचं पीक. बान्पोचं रोजचं अन्न ते नव्हतं. गहू तर या लोकांनी पाहिलाही नसेल. तो पश्चिमेकडून चीनमध्ये पोचला तो बान्पोनंतर दीड-दोन हजार वर्षांनी.

नूडल्सचा प्रश्न बहुधा लाजियामुळे येतो. छिंगहाय प्रांतातल्या त्या गावात उपड्या पडलेल्या वाडग्याखाली सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या शेवया मिळाल्या, आणि त्या राळा-चेन्याच्या असल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. लाजिया वेगळं गाव आहे आणि काळही बराच नंतरचा.

८. जनावरं पाळत होते का? मांस-मासे?

डुकरं आणि कुत्री पाळत होते. दोन कुंपणवजा जागा मिळाल्या, त्या जनावरांच्या असाव्यात असं मानतात. शिकारीत हरणं मुख्य. शिवाय बांबू-उंदीर आणि पाणहरीण यांची हाडं मिळाली. आज हे प्राणी प्रामुख्याने दक्षिणेकडच्या उबदार, दमट भागात आढळतात, तेव्हा त्या काळी शीआनचं हवामान आजच्यापेक्षा उबदार असलं पाहिजे.

मासेमारी जोरात होती. हाडाचे गळ, उलटे काटे असलेले भाले, जाळ्याला बांधायची दगडी वजनं, सगळं आहे. गळाचा काटा आजच्या गळासारखाच उलटा कोरलेला आहे, एकदा अडकलेला मासा सुटू नये म्हणून. मासे भांड्यांवर कसे येतात ते प्रश्न १३ मध्ये.

९. टोकदार बुडाचं मडकं कशासाठी? पाणी भरायला ना?

पाठ्यपुस्तकांत तसं असायचं: मडकं नदीत सोडलं की आडवं होतं, भरलं की आपोआप उभं राहतं. चित्र छान आहे. पण प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिले तेव्हा बरीचशी मडकी तशी वागत नाहीत असं दिसलं.

आता दुसरी बाजू पुढे आली आहे. शीआनजवळच्या मिजियाया इथल्या अशा मडक्यांच्या आणि नरसाळ्यांच्या आतल्या थराची तपासणी होऊन २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो थर चेना, जव, जॉब्ज टिअर्स नावाच्या गवताचे टणक दाणे आणि कंद आंबवून केलेल्या बिअरचा होता. टोकदार बुडात गाळ खाली बसतो आणि वरचं पेय निवळ राहतं. मिजियायाची मडकी सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची, म्हणजे बान्पोहून उशिराची आहेत, त्यामुळे तो पुरावा जसाच्या तसा बान्पोला चिकटवता येत नाही. तरी पाण्याची गोष्ट आता डोळे मिटून सांगू नये.

१०. कपडे घालत होते का?

चित्रांत त्यांना कातडी गुंडाळलेली दाखवतात, पण बान्पोत सूत काढायच्या चात्या आहेत आणि बारीक नेढं असलेल्या हाडाच्या सुया आहेत. कापड उरलं नाही, त्याचे ठसे मात्र उरले.

ते ठसे भांड्यांच्या बुडाला आहेत. कुंभारकाम करणारी व्यक्ती ओलं मडकं वाळायला चटईवर किंवा कापडावर ठेवायची. मडक्याच्या वजनाने विणीचा ठसा बुडावर उमटायचा आणि भट्टीत तो कायमचा पक्का व्हायचा. शंभरावर भांड्यांवर असे ठसे आहेत. त्यांत चटयांच्या निरनिराळ्या विणी मोजता येतात, आणि कापडाचे उभे-आडवे धागेही दिसतात. काही भांड्यांच्या बाहेरच्या अंगावर तर नखांनी टोचून केलेली नक्षी आहे. ओळीने उमटलेल्या त्या लहान कोरी बघताना नख कोणत्या बाजूने दाबलं तेही लक्षात येतं. मला विचाराल तर त्या गावातल्या एखाद्या माणसाच्या इतकं जवळ नेणारी दुसरी वस्तू नाही.

रेशमाबद्दलही विचारतात. बान्पोत रेशीम मिळालेलं नाही. शान्शीच्या शेजारच्या प्रांतात शीयिन गावी १९२६ मध्ये ली जी यांना यांगशाओ थरात कापलेला अर्धा कोश मिळाला होता. चर्चा त्याची असते.

११. खंदक कशासाठी? लढाया होत होत्या का?

राहत्या भागाभोवती सुमारे ३०० मीटर लांबीचा खंदक आहे. तोंडाशी ६ ते ८ मीटर रुंद, ५ ते ६ मीटर खोल, खाली निमुळता. ढोबळ हिशोब मांडला तर सात-आठ हजार घनमीटर माती उपसली गेली, तीही दगडी-लाकडी अवजारांनी आणि टोपल्यांनी. एकट्या-दुकट्या घराचं हे काम नव्हे. कोणी ठरवलं, कोणी माणसं लावली, कामाच्या दिवसांत शेत कोणी पाहिलं, हे प्रश्न खंदक उभे करतो. उत्तरं तो देत नाही.

उपयोगाबद्दल तीन मतं आहेत: रानटी जनावरांपासून संरक्षण, शत्रूपासून संरक्षण, पावसाच्या पाण्याचा निचरा. तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. नुसत्या खंदकावरून नियमित लढाया सिद्ध होत नाहीत.

१२. लहान मुलांना मडक्यात का पुरत होते? बळी दिले होते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बळीचा काही पुरावा नाही.

अडीचशेपैकी सत्तरावर दफनं मडक्यांतली आहेत आणि ती लहान मुलांची आहेत. मोठी माणसं खंदकाबाहेरच्या दफनस्थानात, बहुतेक एकेकटी, उताणी, डोकं पश्चिमेला. मुलं मात्र घरांजवळ. मोठ्या कुंभात मूल ठेवायचं आणि तोंडावर वाडगा किंवा परात उपडी घालायची. कितीतरी झाकणांच्या बुडाला मुद्दाम पाडलेलं लहान भोक आहे. आत्म्याला जायला-यायला वाट, असा त्याचा अर्थ लावतात. भोक मुद्दाम पाडलेलं आहे एवढं डोळ्यांना दिसतं. आत्म्याचं आपण म्हणतो. तरी मूल घराजवळ ठेवायचं होतं हे जागेवरूनच कळतं, आणि लहानपणीच जाणारी मुलं किती होती हे संख्येवरून.

याला एक मोठा अपवाद आहे, १५२ क्रमांकाचं दफन. तीन-चार वर्षांची मुलगी मडक्यात नाही, तर मोठ्यांसारखी खड्ड्यात पुरलेली, भोवती लाकडी फळ्या. सोबत साठाहून अधिक हाडाचे मणी, कानातला दागिना, भांडी, आणि वाडग्यात राळ्याचे दाणे. गावातल्या बहुतेक मोठ्यांनाही एवढं मिळालेलं नाही. एवढ्या वयात तिने स्वतः काही मान कमावला असणं शक्य नाही; तो घराण्याकडून आला असेल किंवा आईबापांच्या मायेतून.

महाराष्ट्रातल्या वाचकांना इथे इनामगाव आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथेही लहान मुलं कुंभांत, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत, घराच्या जमिनीखाली पुरलेली आहेत. पण इनामगावचा काळ साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. दोहोंत तीन हजार वर्षांचं अंतर आहे आणि संबंधाचा काही धागा नाही. मडक्यात मूल पुरण्याची रीत जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे आलेली आहे.

१३. माणसाचा चेहरा आणि मासा असलेल्या परातीचा अर्थ काय?

लाल मातीची परात, आत काळ्या रंगात गोल मानवी चेहरा. डोळे मिटल्यासारखे, डोक्यावर त्रिकोणी टोपीवजा काही, तोंडाच्या आणि कानांच्या दोन्ही बाजूंना मासे. मध्ये दोन मासे पोहताहेत. ही परात मुलाच्या कुंभाचं झाकण होती (प्रश्न १२ बघा).

अर्थ पुष्कळ सुचवले गेले: कुळाचं चिन्ह, मांत्रिकाचा मुखवटा, भरपूर मासे-मुलं व्हावीत म्हणून केलेली प्रार्थना. यातला एकही सिद्ध झालेला नाही. मासेमारीवर जगणाऱ्या गावाने मासा काढला, आणि तो मुलाच्या कुंभावर ठेवला, इथपर्यंत पुरावा जातो.

१४. त्या मोठ्या घराखाली कवटी मिळाली हे खरं का?

खरं. गावातल्या सगळ्यात मोठ्या घराच्या जमिनीखाली माणसाची कवटी आणि एक साधं मडकं मिळालं. पाया घालताना केलेला विधी असावा असं मानतात. त्यासाठी माणूस मारला, की आधीच मेलेल्या पूर्वजाची कवटी आणून ठेवली, हे कवटीवरून ठरत नाही. घर सभेसाठी होतं की कोण्या प्रमुखाचं, हेही वादातच आहे.

१५. बान्पोत बायकांचं राज्य होतं असं वाचलं. खरं का?

मातृसत्तेचं हे चित्र १९५० च्या दशकातलं आहे. समाज आधी मातृसत्ताक आणि मग पितृसत्ताक होतो, ही अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मॉर्गन आणि मार्क्सचे सहकारी एंगल्स यांची मांडणी तेव्हा चीनमध्ये गृहीत धरली जायची, आणि बान्पो त्या चौकटीत बसवलं गेलं. आधाराला पुरावे दाखवले ते असे: चार स्त्रिया एकत्र पुरलेलं एक दफन, दोन पुरुषांचं एक, जोडप्याचं म्हणता येईल असं दफन नाही, आणि १५२ क्रमांकाची ती मुलगी.

पुरावे खरे आहेत, निष्कर्षाला ते पुरत नाहीत. दोन-चार दफनांवरून सत्ता कोणाची होती हे सांगता येत नाही. शिवाय आईकडून कूळ मोजणं वेगळं आणि बाईच्या हाती सत्ता असणं वेगळं. पहिलं असेल तिथे दुसरं असेलच असं नाही.

आईकडून कूळ मोजलं जात होतं का, हे प्राचीन डीएनएवरून तपासता येतं. शांतुंग प्रांतातल्या फूजिया इथल्या दोन दफनभूमींचा असा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे माणसं आईच्या कुळानुसार पुरलेली निघाली. पण फूजिया बान्पोपासून शेकडो किलोमीटर लांब आणि जवळजवळ दोन हजार वर्षं नंतरचं. त्याने मातृकुळाची शक्यता जिवंत ठेवली, बान्पोचा निकाल लावला नाही.

१६. भांड्यांवरच्या खुणा म्हणजे चिनी लिपीची सुरुवात का?

शंभरावर खापरांवर वीसहून अधिक प्रकारच्या कोरीव खुणा आहेत: उभी रेघ, फुली, बाणासारखा आकार. १९७२ मध्ये इतिहासकार क्वो मोरुओ यांनी त्यांना चिनी लिपीचा उगम म्हटलं आणि ते मत फार पसरलं. अडचण अशी की बहुतेक भांड्यांवर एकच सुटी खूण आहे. दोन-चार खुणा ओळीने येऊन वाक्यासारखं काही बनत नाही. वाचता येणारी सगळ्यात जुनी चिनी लिपी हाडांवर कोरलेली मिळते, ती इ.स.पू. सुमारे १२५० पासूनची. मधलं अंतर तीन हजार वर्षांचं आहे. कुंभाराची किंवा घराची खूण, हे स्पष्टीकरण मला जास्त सरळ वाटतं.

१७. बघायला जायचं असेल तर?

शीआनच्या मेट्रो मार्ग १ वर बान्पो नावाचं स्थानक आहे. १९५८ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय मूळ जागेवरच आहे. उत्खननाच्या खड्ड्यांवर छत घातलेलं असल्याने घरांचे तळ, पेवं, खंदकाचा भाग जागच्या जागी दिसतो. टेराकोटा सैनिक बघून आलेल्यांना हे फिकं वाटतं, कारण बघायला बहुतांशी भोकं आणि खड्डेच आहेत. म्हणून प्रश्न ४ आणि १० वाचून जा, आणि भांड्यांच्या दालनात मडक्यांची बुडं दिसतील अशी मांडणी असेल तिथे वेळ काढा. प्रश्न १३ मधली प्रसिद्ध परात बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तेव्हा ती बान्पोत शोधत बसू नका.